तोंड न फिरवणारे दामूअण्णा

कुत्र्याचा जबडा दोन बोटांनी अलगद उघडून त्याच्याजवळ आपले नाक नेणारा माणूस मी माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात एकच पाहिला. कुत्रे जवळ येऊन धापा टाकू लागले की बाकी सारे जग मान वळवते, आणि त्या जगात मीही आलो. दामूअण्णा विधाते मान वळवत नसत. शिष्याचा स्वर नीट लागला की नाही हे डोळे मिटून ऐकणाऱ्या गुरूप्रमाणे ते तो श्वास आत घेत, क्षणभर थांबत आणि मग काय ते सांगत. त्यांनी मला हीच एक विद्या दिली. ती त्यांच्याच जिवासाठी वापरण्याची वेळ आली, तेव्हा मी ती वापरली नाही. हे लिहावयास बसण्याचे कारण तेवढेच आहे.

दामूअण्णा सरकारी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते. पदाचे नाव भारदस्त असले तरी काम जखमा धुण्याचे. जुवाने सोललेला बैलाचा खांदा, गाईच्या खुरातल्या अळ्या, कुत्र्याच्या कानातला पू. घर मखमलाबादला, माळ्याचे. धाकटा भाऊ झेंडू, शेवंती आणि गुलाब लावीत असे. दर गुरुवारी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी, दामूअण्णा सायकलच्या कॅरियरला फुलांची करंडी बांधून आमच्या दत्तमंदिरात येत. गंगेच्या काठचे ते लहानसे मंदिर. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे आणि सकाळ-संध्याकाळ तेथे पूजा करीत असे.

उंच, किडकिडीत शरीर, अंगाला फिनेलचा दर्प आणि डाव्या गालात कायम तंबाखूची चिमूट. वर तिचा वास झाकायला एक लवंग. मी एकदा म्हटले, "अण्णा, देवळात येताना तरी ती थुंकून येत जा."

"गुरुजी, अळ्या काढताना पोटात ढवळतं, म्हणून साहेबांनीच शिकवली पयल्या दिवशी. आता ती सुटंल तवा मी सुटंन."

"मग कुत्र्याच्या तोंडाचा वास कसा सहन होतो?"

"जखम डोळ्याला दिसती. तिचा वास घेऊन काय करायचं? तोंडाच्या आतलं दिसत नाय, म्हणून तिथं नाक लागतं."

नव्वदीच्या दशकाचा मध्य असावा. मंदिरात तेव्हा भैरू नावाचा काळा कुत्रा होता. दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान, आणि हा पाचवा, असे भक्त कौतुकाने म्हणत. गुरुवारी येणारा प्रत्येक जण नैवेद्यातला एक पेढा भैरूच्या तोंडात घालूनच पायऱ्या उतरे. वैश्वदेवानंतर श्वानाचा भाग काढून ठेवण्याचा आमच्या घराचा नेम होता. तो दूध-साखर-भाताचा घास मी भैरूलाच घालीत असे. पुढे भैरूने भाकरी खाणे सोडले. कोणी टाकली तर हुंगून बाजूला होई आणि दूधभाताची वाट पाहत बसे. एका एकादशीला तर त्याने काहीच खाल्ले नाही. झाले, भैरूला उपास कळतो अशी वार्ता पंचवटीभर गेली. मी स्वतः प्रवचनात त्याचा दाखला दिला. सत्संगाने श्वानही सात्त्विक होतो, असे मी म्हणालो, आणि समोरच्या वृद्ध स्त्रियांनी हात जोडले.

त्याच सात्त्विक श्वानाच्या तोंडाला काही महिन्यांत अशी दुर्गंधी येऊ लागली की प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका पदर नाकाला लावू लागल्या. नदीवर घाण खातो, असे एकाने म्हटले. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असे दुसऱ्याने म्हटले. विश्वस्तांनी ठरवले की येत्या सोमवारी गाडी बोलवावी आणि त्याला घाटापलीकडे दूर सोडून यावे. मीही विरोध केला नाही.

गुरुवारी दामूअण्णांनी करंडी उतरवली आणि विचारले, "भैरूला घालवताय म्हणं?"

"लोकांना वास सहन होत नाही, अण्णा."

"कशाचा वास?"

"आता कुत्र्याच्या तोंडाचा, आणखी कसला?"

"तसं नसतं गुरुजी. धडधाकट कुत्र्याच्या तोंडाला अशी घाण मारत नाय."

एवढे बोलून ते फरशीवर उकिडवे बसले, भैरूची हनुवटी तळहातावर घेतली, ओठ वर केला आणि नाक पुढे नेले. दर्शनाच्या रांगेतली एक बाई ओरडली, "अगं बाई, ह्यांनी तर तोंडच घातलं कुत्र्याच्या तोंडात!"

"मावशी, तुम्हीच दिलेल्या पेढ्याचा वास घेतोय," दामूअण्णा डोळे न उघडता म्हणाले. "लय दिवसांचा हाय. शिळा झालाय."

रांग हसली. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी मला हाताने जवळ बोलावले. मी उपरण्याने नाक झाकून वाकलो. पाणी तापवण्याच्या बंबाच्या आत जसा कठीण थर धरतो, तसा पिवळट-तपकिरी थर भैरूच्या दाढांवर चढला होता. हिरड्या लालभडक झाल्या होत्या आणि बोट लागताच रक्त येत होते. एक दाढ तर जिभेच्या धक्क्यानेही हलत होती.

"मऊ आन् गोड दातांना चिकटून ऱ्हातं, त्याचं हे कीटण झालंय. खाली पू हाय. ह्याला गिळता येतं, चावता येत नाय. भाकरी चावली की कळ मस्तकात जाती, म्हणून दूधभात मागतो. एकादशीला कळ जास्ती असंल, तर तेबी खाल्लं नाय." मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू जाईल इतकाच, ते म्हणाले, "आन् तुम्ही म्हणता सात्त्विक हाय."

सोमवारची गाडी त्यांनी आपल्या भरवशावर थांबवली. दुसऱ्याच दिवशी फुलांच्या करंडीत गोणपाट घालून, भैरूला त्यात बसवून, सायकल हातात धरून ते दवाखान्यापर्यंत चालत गेले. डॉक्टरांनी भूल देऊन तीन दात काढले आणि बाकीचे खरवडले. पुढच्या एकादशीला भैरूने माझ्या डोळ्यांदेखत अर्धी भाकरी कडाकडा फोडून खाल्ली, आणि त्याच्या भक्तीची कथा तेथेच संपली. मी प्रवचनात ती कधी दुरुस्त केली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

यानंतर दामूअण्णांनी माझी शिकवणी सुरू केली. तर्जनीला सुती फडके गुंडाळायचे, पाण्यात भिजवायचे आणि दातांच्या बाहेरच्या बाजूने, हिरडीच्या कडेपासून, हळूहळू गोल फिरवायचे. हे रोज करायचे. दोन दिवस सोडले तरी थर पुन्हा धरतो. मी विचारले, आपली दातांची पेस्ट चालेल का?

"त्याला चूळ भरता येती का? सगळं गिळंल, आन् ते त्याच्या पोटाला बाधतं. नुसतं पाणी बरं."

"मग हाडूक द्यावे का? म्हणजे, मी नाही देणार, पण विचारतो."

"शिजलेलं तर नकोच. त्याच्या चिरफळ्या होतात, दातबी तुटतो. वाळली भाकरी द्या, गाजर द्या."

"आणि पेढा?"

"पेढा देवाला. देवाचे दात किडत नाय."

मंदिराच्या फळ्यावर, भैरूस गोड घालू नये, असे खडूने लिहिले गेले. दत्ताच्या कुत्र्याला पथ्य कसले, म्हणून दोघे जुने भक्त महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझी खरी अडचण मात्र सोवळ्याची होती. कुत्र्याच्या लाळेचा हात देवाला कसा लावावा? दामूअण्णांनीच वाट काढली: "आंघोळीच्या आधी करा की. मग गंगा हाय तुमची." तेव्हापासून पहाटे भैरूचे दात, मग स्नान, मग पूजा, असा क्रम पडला. आमच्या सौभाग्यवती म्हणत, "आधी कुत्र्याचे दात आणि मग देवाचे पाय. चालू द्या. माझ्या दाढेला आठ दिवस ठणका आहे, ते कोणी विचारू नका." तिचीही दाढ मग दामूअण्णांनी लांबूनच, हात मागे बांधून पाहिली आणि माणसांच्या डॉक्टरकडे पाठवली.

दातांमुळे येणारा वास ते लगेच ओळखत. पण काही वास दातांचे नसतात, हे मी अंबडकडच्या एका घरी पाहिले. कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याचे ते घर. मी सत्यनारायणासाठी गेलो होतो. त्यांच्याकडे पांढरीशुभ्र, केसाळ पॉमेरियन कुत्री होती, नाव स्वीटी. तिच्या तोंडाला वास येतो म्हणून बाई तिला वेलची चारीत आणि गुलाबपाण्याने तिचे तोंड पुसत. मी दामूअण्णांचे नाव सांगितले आणि पुढच्या रविवारी त्यांना घेऊन गेलो.

त्यांनी तिला मांडीवर घेतले, जबडा उघडला, श्वास घेतला. नेहमीप्रमाणे ते क्षणभर थांबले. पण त्या दिवशी तो क्षण लांबला.

"ताई, ही पाणी लय पिते का?"

"हो ना. भांडंच्या भांडं संपवते. उन्हाळा आहे ना."

"आन् खाणं?"

"नखरे करते. लाडावलीये."

"ताई, हा दाताचा वास नाय. भांड्याला कल्हई करताना नवसागर टाकल्यावर धूर उठतो बघा, तसा वास हाय. मूत्रपिंडाचं असंल. उद्याच्या उद्या डॉक्टरकडं न्या, रक्त तपासा."

बाईंचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. "तुम्ही डॉक्टर आहात का? आम्ही दात साफ करायला बोलावलं होतं."

"मी ड्रेसर हाय, ताई," ते म्हणाले. "डॉक्टर सांगतील ते खरं."

ते उठले. त्यांना कोणी चहाही विचारला नाही. पावसाळा लागण्यापूर्वी स्वीटी गेली. त्या बाई एका गुरुवारी मंदिरात आल्या. देवाला नमस्कार करून त्या दामूअण्णांसमोर उभ्या राहिल्या. "आधी आणली असती तर वाचली असती का हो?"

"वास कधीपासून येत व्हता?"

"वर्षभर असेल."

बाई रडत पायऱ्या उतरून गेल्या. मग करंडीतली उरलेली फुले उगीचच चाळवीत ते मला म्हणाले, "वर्षभर ती सांगत व्हती, गुरुजी. तिला तेवढंच सांगता येतं. सोताच्या तोंडाचा वास सोताला येत नाय. जवळ बसणाऱ्यानं सांगायचा असतो. जवळ बसणारे वेलची चारत बसले."

हे वाक्य मी ऐकले होते. मी ते ऐकले नव्हते असे मला कधीही म्हणता येणार नाही.

दोन हजार सालानंतर दामूअण्णा निवृत्त झाले. फुले घेऊन येणे मात्र सुटले नाही. उलट आता घाई नसल्याने ते ओट्यावर माझ्या शेजारी बसून हार ओवीत. भैरू म्हातारा झाला होता. त्याच्या डोळ्यांवर निळसर पडदा आला होता, पण उरलेले दात स्वच्छ होते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

एका दिवाळीतली गोष्ट. ते हार ओवता ओवता काही सांगावयास माझ्याकडे वळले, आणि लवंगेच्या आड दडलेला एक निराळा वास माझ्याकडे आला. शिळ्या रक्ताचा, कुजल्यासारखा. तो तंबाखूचा नव्हता. दामूअण्णांनी मला इतक्या वर्षांत एवढे तरी शिकवले होते. तरी मी मनाशी म्हटले की तंबाखू आहे, जन्मभर कुत्र्यांत वावरलेला माणूस आहे, वास यायचाच. भैरूविषयी जे वाक्य मी लोकांच्या तोंडून ऐकले होते, तेच मी मनात जसेच्या तसे उच्चारले. शिवाय दुसऱ्याचे व्यंग तोंडावर बोलू नये या संस्कारात मी वाढलो होतो, आणि त्या क्षणी तो संस्कार मला फार सोयीचा वाटला. मी दोन हात सरकून बसलो.

"गुरुजी, लांब बसलात?"

"सोवळ्यात आहे आज," मी म्हणालो.

मी सोवळ्यात नव्हतो. मी नुकताच बाजारातून आलो होतो आणि भाजीची पिशवी माझ्या मांडीशी होती. दामूअण्णांनी त्या पिशवीकडे पाहिले, मग हातातल्या सुईकडे पाहिले आणि पुढचे फूल ओवले.

पुढच्या गुरुवारपासून ते ओट्यावर बसेनात. खालच्या पायरीवर बसून हार ओवीत आणि कोणाच्या तरी हाती वर पाठवीत. भैरू चाचपडत त्यांच्याकडे उतरे, त्यांच्या डाव्या गालाला नाक लावी आणि बारीक कण्हे. पुन्हा पुन्हा तेच. एक भक्त मोठ्याने म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही पेशंट आणि भैरू डॉक्टर!" सगळे हसले. दामूअण्णाही हसले, पण तोंडावर हात ठेवून. मीही हसलो.

होळी झाली आणि गुरुवारची फुले त्यांचा भाऊ घेऊन येऊ लागला. तिसऱ्या गुरुवारी मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "अण्णाच्या गालात आतून गाठ फुटली, गुरुजी. कॅन्सर म्हणत्यात. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर कापून निघालं असतं. आता गळ्यापर्यंत गेलंय."

मी मखमलाबादला गेलो. दारात त्यांच्या पत्नी भेटल्या, राधावहिनी. शेवंतीची जुडी हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "वास येत व्हता, गुरुजी. पण नवऱ्याला असं कसं म्हणायचं? वाटलं, तंबाखूचा हाय. नातीनं त्यांच्या मांडीवर बसणं सोडलं, तवा मी तिलाच रागवले."

भावालाही तो वास आला होता. त्याला तो दवाखान्याचा वाटला. घरात, शेतात, मंदिरात तो सर्वांना आला होता, आणि प्रत्येकाने आपल्या परीने वेलची शोधून काढली होती.

दामूअण्णा खाटेवर बसले होते. अर्धा चेहरा पट्टीत होता. शब्द तुटत होते, पण कळत होते.

"गुरुजी. दिवाळीत. वास आला व्हता ना?"

"आला होता."

"मग?"

एवढा एकच शब्द. त्यात राग नव्हता. जबडा उघडल्यावर, कधीपासून खात नाही, असे ते कुत्र्याच्या मालकाला ज्या सुरात विचारीत, तोच सूर होता. मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी सोवळ्यात नव्हतो."

त्यांनी डोळे मिटले. "पिशवीत मेथी व्हती," ते म्हणाले.

मला वाटले होते की ते आता मंदिरात येणार नाहीत. पण श्रावणातल्या एका गुरुवारी भावाच्या स्कूटरवर मागे बसून ते आले. तोंडाभोवती उपरणे गुंडाळलेले, शरीर आणखी वाळलेले. ते खालच्या पायरीवरच बसले. मी नुकताच गंगेत स्नान करून, ओल्या धोतराने, अभिषेकाचा कलश भरून वर येत होतो. भैरूने त्यांना कशावरून ओळखले ते सांगता येत नाही. डोळे तर गेलेच होते. तो सरळ त्यांच्या गुडघ्यांत जाऊन उभा राहिला.

दामूअण्णांनी त्याची हनुवटी तळहातावर घेतली, दोन बोटांनी ओठ वर केला आणि सवयीने मान खाली नेली. मग थांबले. उपरण्याआडच्या त्या नाकाला आता कोणताच वास येत नसावा. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नाकाकडे बोट दाखवून खूण केली: तुम्ही बघा.

अभिषेकाला थांबलेले भक्त वरून पाहत होते. मी कलश पायरीवर ठेवला, गुडघे टेकले आणि भैरूच्या तोंडाजवळ नाक नेले. इतकी वर्षे त्याचे दात पुसूनही हे मी कधी केले नव्हते. नाकावर उपरणे कायम असे. मी डोळे मिटून श्वास घेतला. थोडी भाकरी, थोडे गाजर, आणि एक उबदार, म्हातारा वास.

"स्वच्छ आहे, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. मी उठून त्यांच्या शेजारी बसू लागलो, तेव्हा त्यांनी हात आडवा धरला आणि माझ्या ओल्या धोतराकडे, मग वरच्या गाभाऱ्याकडे बोट केले. त्या दिवशी मी खरोखरच सोवळ्यात होतो. मी त्यांचा हात बाजूला केला आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो. उपरणे थोडे सरकले होते. तो वास आला, दिवाळीतलाच, पण आता त्याला झाकायला लवंग नव्हती. मी तोंड फिरवले नाही. भैरू दोघांच्या पायांवर पसरला होता.

"अभिषेक राहिला," बऱ्याच वेळाने ते अस्पष्ट पुटपुटले.

"राहू दे."

भावाने स्कूटर सुरू केली. त्यांना मागे बसवताना मीच हात दिला. गाडी वळणाशी पोचली तेव्हा दामूअण्णांनी मागे पाहिले. एका हाताने भावाचा खांदा धरून त्यांनी दुसऱ्या हाताची तर्जनी वर केली, आणि तिच्यावर फडके गुंडाळलेले असावे तशी ती हवेत हळूहळू गोल फिरवली.